बॅटरी गेली म्हणे!
गाडी स्टार्ट नाही झाली की गॅरेजवाल्याचं पालुपद ठरलेलं, बॅटरी गेली, नवी टाका. अरे बाबा, आधी मीटर तरी लाव की! दोन वर्षांत तिसरी बॅटरी आहे ही माझी. काल वैतागून मीच बॅटरीला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर लावला, तर गाडी बंद असताना 12.2 व्होल्ट आणि इंजिन चालू करूनही 12.1च, म्हणजे चार्जिंगच होत नाहीये, तिथे 14च्या आसपास दिसायला हवं ना. मग टॉर्च घेऊन बघतो तर इंजिनाच्या अर्थिंगच्या वायरीवर, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणाऱ्या, जिच्यातून चार्जिंगचा करंट फिरतो त्या वायरीवर, हिरवट थर, नखाने खरवडला तर तांब्याचा भुगाच हातात आला. देवगडची खारी हवा, दुसरं काय! वायर बदलली, 14.1. दीडशे रुपये. आणि आधीच्या दोन बॅटऱ्या, बहुतेक ठणठणीत असलेल्या, मी भंगाराच्या भावात त्यालाच देऊन आलोय.