अख्खा फोल्डर वगळू नका

सुरक्षित फाइल अँटीव्हायरसने अडवल्यास अख्खा ‘डाउनलोड्स’ फोल्डर तपासणीतून वगळावा, हा लेखातील सल्ला मला घातक वाटतो, कारण उद्या तिथे खरा व्हायरस उतरला तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. आमच्या कार्यालयात पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहून पायइन्स्टॉलर या साधनाने बांधलेली हिशेबाची एक्झी (थेट चालणारी) फाइल नवी आवृत्ती आली की हमखास क्वारंटाइनमध्ये (अँटीव्हायरसच्या बंद कप्प्यात) जाते; तेव्हा आम्ही तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधील माहितीवरून काढलेला ठसा) मूळ प्रतीशी ताडून पाहतो, नमुना म्हणून ती फाइल अँटीव्हायरस कंपनीकडे पाठवतो आणि तोवर फक्त त्या एका फाइलला सूट देतो.

नमुना पाठवण्याचा उल्लेखही लेखात नाही, हे खटकले. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअॅफी या अँटीव्हायरसच्या सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच ‘एसव्हीसीहोस्ट’ ही महत्त्वाची फाइल व्हायरस ठरवली होती. अशी चूक कंपनीकडेच दुरुस्त होते.