‘व्हॅक्यूम पॅक करा आणि बिनधास्त न्या’ – कृपा करून असं करू नका

परदेशी लेकीकडे, मुलाकडे निघालेल्या आईवडिलांच्या गटांत एक निरोप फिरतोय: मटणाचं लोणचं, सुकं मटण, गोव्याचे चोरिस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) व्हॅक्यूम पॅक करून न्या, स्वतःपुरतं असलं की कोणी अडवत नाही, उतरताना भरायच्या फॉर्मवर मात्र लिहू नका, लिहिलं की दंड बसतो.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून आधी तोच. दंड लिहिण्याचा नसतो, लपवण्याचा असतो. ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर खरं लिहिलं, तर फार तर डबा जातो. जुलै 2022 मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत न सांगितलेले दोन मॅकमफिन आणि एक हॅम क्रोसां, म्हणजे मांस घातलेले पाव, कुत्र्याने हुंगून काढले. दंड झाला 2,664 ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याआधी, ऑक्टोबर 2019 मध्ये, सिडनीत व्हिएतनामहून आलेल्या एका बाईंचा व्हिसाच रद्द झाला. त्यांच्या सामानात न सांगितलेलं कच्चं डुकराचं मांस होतं. अमेरिकेत लपवल्यास दंड 10,000 डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

‘स्वतःपुरतं’ म्हणाल, तर मांस न आणण्याचा हा नियम व्यापाराचा नाहीच, जनावरांच्या रोगांचा आहे. लाळ्या-खुरकूत ही गुरांची साथ आपल्या गोठ्यांना नवी नाही. भारतातून ती अजून गेलेली नाही. ब्रिटनमध्ये 2001 साली तिची साथ आली आणि 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. बेकायदा आलेलं मांस खरकट्यातून डुकरांच्या पोटात गेलं, हेच त्या साथीचं बहुधा मूळ होतं. रोगाला तुमचा डबा घरचा की विकायचा, याने काही फरक पडत नाही.

व्हॅक्यूम पॅकिंगने मांस टिकतं, पण विषाणू मरत नाही. चोरिस तर मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेले असतात, शिजवलेले नसतात. अशा मुरवलेल्या डुकराच्या मांसात आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू कित्येक महिने तग धरतो. नीट शिजवलेल्या मटणात धोका बराच कमी, हे मला मान्य आहे. पण घरी ते किती शिजलं, हे विमानतळावरचा अधिकारी तपासू शकत नाही.

युरोपीय संघात भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ दोन्ही नेता येत नाहीत. मासळीला मात्र स्वतःसाठी 20 किलोपर्यंत मुभा आहे. तेव्हा जर्मनीतल्या नातवंडांसाठी सुके बोंबील आणि सोडे खुशाल बांधा, नीट झाकून.