उंदीर पोहला म्हणून गोळी सोडू नका

घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज तुम्हालाही आला असेल. त्याचा सारांश असा: अश्वगंधा ही डिप्रेशन आणि अँग्झायटीच्या गोळ्यांइतकीच गुणकारी असल्याचं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, वनस्पती असल्याने दुष्परिणाम शून्य, औषध कंपन्या हे दडपतात, तेव्हा रोज दुधातून चमचाभर चूर्ण घ्या आणि गोळ्या बंद करा.

"शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." हे अगदीच हवेतलं नाही. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांचा 2000 सालचा एक अभ्यास आहे. अश्वगंधेच्या मुळांतून वेगळे काढलेले ग्लायकोविथॅनोलाइड हे घटक त्यांनी पाच दिवस दिले. चिंतेसाठी लोराझेपाम आणि नैराश्यासाठी इमिप्रामिन या औषधांशी तुलना केली, आणि परिणाम त्यांच्या जवळपास आला. फक्त दिले होते उंदरांना. मेसेजमधून नेमका तेवढाच शब्द गळलाय.

उंदराचं नैराश्य मोजतात कसं? सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी पोरसोल्ट यांनी 1977 मध्ये मांडली. काचेच्या उभ्या नळकांड्यात पाणी भरायचं, इतकं की उंदराला तळाला टेकता येऊ नये आणि काठही गाठता येऊ नये. त्यात त्याला सोडायचं. आधी तो जिवाच्या आकांताने पाय मारतो, भिंतीवर चढू बघतो. मग थांबतो, नाक वर ठेवण्यापुरती हालचाल करत तरंगत राहतो. हे तरंगणं किती सेकंद चाललं ते मोजायचं. औषध दिल्यावर ते कमी झालं, की 'नैराश्यविरोधी गुण आढळला' असं लिहायचं.

पण थांबलेला उंदीर हताश झालाय की शहाण्यासारखा दम वाचवतोय, हे त्याला विचारता येत नाही, आणि त्यावरून संशोधकांतही वाद आहेत. शिवाय कॅफीन दिलं तरी तरंगणं कमी होतं, कारण उंदीर नुसताच जास्त वळवळतो. म्हणून चांगल्या अभ्यासात मोकळ्या पेटीत त्याची एकूण हालचालही तपासतात. ती तपासलेली नसेल तर त्या निकालावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

या चाचण्या निरुपयोगी आहेत, असं मात्र नाही. शंभर अर्कांतून पुढे कोणते तपासायचे, ही चाळण लावायला त्या बऱ्या.

"गोळ्यांइतकीच गुणकारी." नळकांड्यात इमिप्रामिनचा परिणाम दिवसाभरात दिसतो. माणसात त्याच गोळीला काही आठवडे लागतात. दोन्हीकडे एकच गोष्ट मोजली जातेय असं म्हणणं इथेच अवघड होतं. माणसांवरचे अश्वगंधेचे अभ्यासही आहेत. 2012 चा हैदराबादचा अभ्यास घ्या: 64 माणसं, 60 दिवस, ताणाचे गुण कमी झाले. चांगली गोष्ट आहे. पण ताण म्हणजे निदान झालेलं डिप्रेशन नव्हे.

"चमचाभर चूर्ण." त्या उंदरांना वजनाच्या दर किलोमागे 20 आणि 50 मिलिग्रॅम घटक दिला होता. या अभ्यासातल्यासारख्या मोठ्या उंदराचा (रॅटचा) डोस माणसाला लावताना साधारण 6.2 ने भागतात. म्हणजे 50 चा डोस धरला तर 60 किलोच्या माणसाला जवळपास 480 मिलिग्रॅम, तेही वेगळा काढलेला घटक. मुळांत विथॅनोलाइड गटातली द्रव्यं, ज्यांत हा घटकही येतो, एक टक्क्याच्या आतबाहेर असतात. चमचाभर चूर्णात हे गणित बसत नाही.

"वनस्पती, म्हणून दुष्परिणाम शून्य." याला मुंबईतच उत्तर आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि ही मुळी जगभर पोचली. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. पुढे ते घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्या कितपत खऱ्या यावर आज वाद आहे, पण प्राण्यांत रेसर्पिनने मरगळ येते, पापण्या मिटतात, याबद्दल वाद नाही. हा परिणाम इतका पक्का की नैराश्यावरची सुरुवातीची औषधं तपासताना आधी रेसर्पिन देऊन प्राणी मलूल करायचे आणि नवं औषध त्याला सावरतं का ते बघायचे.

खुद्द अश्वगंधेबद्दल सांगायचं तर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइड हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं, आणि डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

"कंपन्या दडपतात." रेसर्पिन वेगळं काढलं ते सिबा या स्विस औषध कंपनीने, आणि गोळ्या करून जगभर विकलंही तिनेच. मुळीत पैसा दिसला की कंपन्या काय करतात ते हे.

"गोळ्या बंद करा." पॅरॉक्सेटीन किंवा व्हेनलाफॅक्सीनसारखं डिप्रेशनचं औषध एकदम थांबवलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, झोप उडणं हे होऊ शकतं, आणि मूळ आजार उलटण्याची भीती असते ती वेगळीच. गोळी कमी करायची तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. चूर्ण आधीच सुरू केलं असेल तर तेही त्यांना सांगा. विशेषतः थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता.