‘गॉड ब्लेस यू’ला ‘ईएस’ लावणाऱ्यांसाठी

भाचीने आजीच्या पंच्याहत्तरीचं कार्ड दाखवायला आणलं. सोनेरी अक्षरांत छापलेलं ‘गॉड ब्लेस यू’ आणि ‘ब्लेस’पुढे निळ्या जेलपेनने घुसवलेलं ‘ईएस’! म्हणे, “मामा, छापणाऱ्याची चूक होती. ग्रुपवर आलंय ना!” आलंय खरं : ‘इंग्रजांनाच इंग्रजी येत नाही, ५ ढळढळीत चुका’. दहावीतल्या पोरांनाही लोक हे बिनदिक्कत पाठवताहेत.

पहिली ‘चूक’ : ब्रिटिश राष्ट्रगीतातलं ‘गॉड सेव्ह द किंग’. कर्ता एकवचनी, म्हणून ‘सेव्ह्ज’ हवं. अहो, देव राजाला वाचवतो ही बातमी नाही, वाचवो ही प्रार्थना आहे. ‘देव तुझं भलं करो’मधल्या ‘करो’चं ‘करतो’ करून बघा, आशीर्वाद राहतो का? या रूपाला सब्जंक्टिव्ह म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचे वेगळे प्रत्यय होते, ते झिजले; इथे उरलेली खूण एवढीच, की ‘एस’ लागत नाही. ‘लाँग लिव्ह’, ‘सो बी इट’, ‘कम व्हॉट मे’ त्याच घरातले. सप्टेंबर २०२२मध्ये एलिझाबेथ राणी गेली, चार्ल्स गादीवर आला, ‘क्वीन’चं ‘किंग’ झालं. ‘सेव्ह’ जागचं हललं नाही.

दुसरी, ‘मीथिंक्स’. ‘आय थिंक’ म्हणता येत नाही अशा अडाण्यांची भाषा म्हणे! मराठी माणसाने तरी हे म्हणू नये. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी उघडा : जुन्या इंग्रजीत दोन क्रियापदं होती, एक ‘विचार करणे’, दुसरं ‘वाटणे’. दोन्ही पुढे ‘थिंक’मध्ये मिसळली. ‘मीथिंक्स’मधलं ‘मी’ म्हणजे चतुर्थीतलं ‘मला’. थेट आपलं ‘मला वाटतं’.

तिसरी, ‘द मोअर द मेरिअर’. पुढे नामच नाही, तर ‘द’ कशाला म्हणे! पण हे ‘द’ही आपलं नेहमीचं ‘द’ नव्हे. त्याच कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे. मुळात ते तृतीयेसारख्या विभक्तीचं रूप, अर्थ ‘जितके-तितके’.

चौथी, ‘इफ आय वेअर यू’. ‘आय’ला ‘वॉज’ हवं म्हणे. याबद्दल थोडं मान्य करतो. बोलताना ‘वॉज’ म्हणणारे इंग्रज भरपूर आहेत. पण म्हणून ‘वेअर’ चूक ठरत नाही, आणि परीक्षेच्या पेपरात तेच लिहावं.

पाचवी, ‘अटर्नी जनरल’चं अनेकवचन ‘अटर्नीज जनरल’. ‘एस’ शेवटी हवा म्हणे. फ्रेंच वळणाने विशेषण मागे, म्हणून ‘एस’ नामाला. संपलं.

कार्डावर व्हाइटनर फिरवला. उजेडात धरलं की निळं अजून दिसतं.