परिषद मोडायची असेल तर आधी टोरंटो बघा

मुलुंडचा माझा मावसभाऊ 'विधान परिषद बरखास्त करा' या मताचा आहे, आणि हल्ली त्याने पुरावा माझ्याच दारातून, म्हणजे टोरंटोतून, उचलला. कॅनडात दहा प्रांत आहेत आणि एकालाही वरचं सभागृह नाही. क्वेबेकने शेवटचं उरलेलं १९६८ मध्ये मोडीत काढलं, आमच्या ओंटारियो प्रांताला तर ते कधी नव्हतंच. "तुमचं काही अडलं का?" हा त्याचा सवाल. मग महाराष्ट्राने ७८ आमदारांचे पगार, भत्ते आणि पेन्शन का भरायचं? पडलेल्यांना मागच्या दाराने आत घ्यायला?

मागच्या दारावरून त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. २०२४ च्या जुलैतली निवडणूक घ्या. पंकजा मुंडे महिनाभर आधी बीडमध्ये लोकसभा हरल्या होत्या. भावना गवळी आणि कृपाल तुमाने यांची लोकसभेची तिकिटं कापली गेली होती. तिघेही परिषदेत पोचले. वरळीची जागा आदित्य ठाकरेंसाठी सोडणारे सुनील शिंदे २०२१ मध्ये मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांच्या कोट्यातून आले. राम शिंदे २०२४ मध्ये कर्जत-जामखेडला १,२४३ मतांनी हरले, आणि डिसेंबरात परिषदेचे सभापती झाले. कोयनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन इतकं झटपट झालं असतं तर!

तरीही मी मावसभावाच्या बाजूने नाही. 'तुमचं काही अडलं का' याचं उत्तर 'हो' असं आहे.

२०१८ च्या जुलैअखेर ओंटारियोच्या सरकारने टोरंटो महापालिकेच्या जागा ४७ वरून २५ वर आणायचं विधेयक मांडलं. निवडणूक २२ ऑक्टोबरला होती. उमेदवार केव्हाच रिंगणात उतरले होते, दारोदार फिरत होते. आमच्या भागातल्या एका बाईंची पत्रकं छापून वाटूनही झाली होती, आणि पत्रकावर छापलेला वॉर्डच नकाशावरून गेला. ३० जुलैला मांडलेलं विधेयक १४ ऑगस्टला मंजूर. प्रांतात एकच सभागृह आणि त्यात सरकारचं बहुमत, मग थांबवणार कोण? प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबरात पहिल्या कोर्टाने कायदा रद्द केला, नऊ दिवसांनी वरच्या कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताच्या बाजूने कौल दिला. तोवर २५ वॉर्डांची महापालिका तीन वर्षं चालू होती.

आता राज्यघटनेचं १९७ वं कलम पाहा. विधानसभेने पाठवलेलं साधं विधेयक विधान परिषद तीन महिने अडवू शकते, आणि विधानसभेने ते पुन्हा पाठवलं तर आणखी एक महिना. त्यानंतर विधानसभेचंच चालतं. राज्यात संयुक्त बैठकीची सोय नाही. पैशाच्या विधेयकाला तर १४ दिवसच मिळतात. म्हणजे परिषदेच्या हातात नकाराधिकार नाही, फक्त चार महिने आहेत. पण टोरंटोला तेवढे चार महिने मिळाले असते तर निवडणूक ठरल्याप्रमाणे ४७ वॉर्डांत होऊन गेली असती. मुंबईची महापालिका २०२२ च्या मार्चपासून जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. वॉर्ड किती असावेत, २२७ की २३६, यावर सरकार बदललं की कायदा बदलत होता. अशा शहरातल्या माणसाला हे चार महिने क्षुल्लक वाटू नयेत.

"पण आपली परिषद अडवते कुठे?" इथे मावसभाऊ बरोबर आहे. आणि का अडवत नाही, याचं उत्तर कलमात नाही, तिकीटवाटपात आहे.

७८ पैकी ३० जागा विधानसभेचे आमदार भरतात. २०२४ च्या जुलैत ११ जागांसाठी २७४ आमदारांनी मतदान केलं. निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. एका मतपत्रिकेची किंमत १००. म्हणजे २७,४०० ला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे १२ ने, भागायचं आणि त्यात एक मिळवायचा. येतात २,२८४. सोप्या भाषेत, २३ आमदारांची पहिली पसंती असेल तर माणूस निवांत निवडून येतो. कोणाला कोणत्या २३ जणांनी मत द्यायचं, ही यादी पक्षाच्या वरच्या दोन-तीन माणसांच्या खिशात असते. राज्यसभेला आमदाराने आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. परिषदेला मतदान गुप्त असतं, म्हणून बहुतेक पक्षांनी आपापले आमदार हॉटेलात नेऊन ठेवले. तरी मतं फुटली, आणि १२ उमेदवारांतून पडले ते शेकापचे जयंत पाटील. २०२२ च्या जूनमध्ये अशीच मतं फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेच्या रस्त्याला लागले. त्या एका मतमोजणीनंतर सरकार गेलं. त्यामुळे परिषदेची निवडणूक बिनमहत्त्वाची आहे, असं कोणी म्हणू नये. इतकी ताकद खर्चून आत बसवलेला माणूस त्याच नेत्याचं विधेयक चार महिने अडवेल, ही अपेक्षाच भाबडी.

कॅनडातही संघराज्याच्या पातळीवर वरचं सभागृह आहे. १०५ जणांचं सेनेट, निवडणूक नाही, पंतप्रधानांच्या शिफारशीवरून नेमणूक, आणि मग वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत कोणी हात लावत नाही. वर्षानुवर्षं तीही पक्षनिष्ठांची सोयच होती, आणि प्रवासभत्त्यांचे घोटाळेही झाले. २०१४ च्या जानेवारीत जस्टिन ट्रुडो यांनी, तेव्हा ते विरोधात होते, आपल्या पक्षाच्या ३२ सेनेटरांना पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढलं. पक्षाच्या बैठकीला यायचं नाही, पक्षादेश नाही. सत्तेवर आल्यावर नेमणुकांसाठी सल्लागार मंडळ नेमलं, ज्याच्याकडे कोणीही अर्ज करू शकतो. आज बहुतेक सेनेटर कुठल्याच पक्षाच्या बैठकीला जात नाहीत. सरकारचं कामकाज रेटायला एक प्रतिनिधी असतो, पण त्याला प्रत्येक विधेयकासाठी गटागटांत फिरून मतं जमवावी लागतात. २०१६ मध्ये इच्छामरणाच्या विधेयकात सेनेटने महत्त्वाची दुरुस्ती केली, खालच्या सभागृहाने ती फेटाळली, सेनेटने मग माघार घेतली. सेनेट हरलं, पण तो वाद आठवडाभर घराघरांत चालला होता, आणि मला वाटतं तेवढंच त्याचं काम होतं.

मला खरा हेवा वाटतो तो एका बारीक नियमाचा. सेनेटमध्ये गट म्हणून मान्यता हवी असेल तर नऊ सदस्य लागतात. नियमात आकडा लिहिलेला आहे. नऊ झाले की समित्यांत वाटा, कार्यालय, बोलायला वेळ. १०५ च्या सभागृहात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे डझनभर उरले, तरी त्यांचा विरोधी पक्षनेता आहे.

आणि आपल्याकडे? परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत २०२५ च्या ऑगस्टमध्ये संपली. काँग्रेसने सतेज पाटील यांचं नाव पुढे केलं, आणि डिसेंबरचं नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं. या पदाच्या पगार-भत्त्यांचा १९७८ चा कायदा आहे. त्यात लिहिलंय, विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी किंवा सभापतींनी मान्यता दिली आहे. दहा टक्के सदस्य हवेत ही अट त्यात नाही, ती प्रथेतून आणून बसवलेली. म्हणजे सगळं एका सहीवर अडतं. आणि सही करणारी खुर्चीही रामराजे नाईक-निंबाळकरांची मुदत २०२२ च्या जुलैत संपल्यापासून २०२४ च्या डिसेंबरपर्यंत रिकामी होती. उपसभापती नीलम गोऱ्हे कारभार बघत होत्या, आणि मधल्या काळात त्यांनी पक्षही बदलला.

सेनेट उचलून नरिमन पॉइंटला आणा, असं मी म्हणत नाही. अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया यांना सहा-सहा जागा आणि इवल्याशा न्यू ब्रन्सविकला दहा, हा हिशेब इथल्या पश्चिमेच्या लोकांना कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. सेनेटर व्हायला प्रांतात ४,००० डॉलरची मालमत्ता हवी, ही १८६७ ची अट अजून आहे. टोरंटोत तेवढ्यात पार्किंगची जागाही येत नाही. शिवाय सल्लागार मंडळ काहीही म्हणो, नाव शेवटी पंतप्रधानच पाठवतात.

आपल्या परिषदेची मांडणी मला कागदावर यापेक्षा सरस वाटते. आमदारांच्या ३०, स्थानिक संस्थांच्या २२, पदवीधरांच्या ७, शिक्षकांच्या ७, आणि साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवेतल्या १२ जणांची राज्यपालांकडून नेमणूक. या १२ मध्ये कधी गदिमा होते, ना. धों. महानोर होते. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने १२ नावं पाठवली, राज्यपालांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही. वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा, असं मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये नव्या सरकारने यादीच परत घेतली. १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांचा शपथविधी झाला आणि त्याच दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. सातांत पक्षाचे पदाधिकारी होते, माजी आमदार-खासदार होते. कवी नव्हता.

पदवीधरांचंही तसंच. दर निवडणुकीला यादी कोरी करून पुन्हा बनवतात. माझ्या दादरच्या बहिणीने २०१८ ला नाव नोंदवलं होतं, २०२४ ला पुन्हा १८ नंबरचा फॉर्म, पुन्हा पदवीची साक्षांकित झेरॉक्स. फॉर्म तिच्यापर्यंत पोचला तो पक्षाच्या शाखेतल्या मुलांमुळे. ज्याचं शाखांचं जाळं मोठं, त्याची यादी मोठी. प्रमोद नवलकरांच्या काळापासून मुंबईत ही जागा शिवसेनेकडे राहिली यात मग आश्चर्य काय? पदवीधर मात्र शहरात पोत्याने पडलेत, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण मतदार होऊ शकतो हेच माहीत नाही.

परिषद शोभेची आहे म्हणणाऱ्यांना वि. स. पागे आठवत नाहीत. १९६० ते १९७८ सभापती, काँग्रेसचेच, आणि रोजगार हमी योजनेचे जनक. १९७७ च्या त्या कायद्याच्या वाटेनेच देशाने पुढे २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. पक्षात राहूनही स्वतंत्र डोक्याने काम करता येतं, पण त्यासाठी पुढच्या तिकिटाची भीती नको आणि खुर्ची रिकामी नको.

आणि बरखास्तीची भाषा नेते कधी करतात तेही बघावं. २०२० च्या जानेवारीत आंध्रच्या विधान परिषदेने राज्याला तीन राजधान्या करण्याची विधेयकं अडवून प्रवर समितीकडे पाठवली. आठवड्याच्या आत जगनमोहन रेड्डी सरकारने विधानसभेत परिषद बरखास्तीचा ठराव मंजूर करून घेतला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ठराव मागे घेतला. तोवर परिषदेत त्यांच्याच पक्षाचं पारडं जड झालं होतं.