अर्थ लागेना

गाडीला पुढे दोन जादा दिवे लावायचे, एवढंच ठरलं होतं. हे वाक्य मला पक्कं पाठ आहे, कारण पुढचे चार महिने घरातल्या प्रत्येकाने ते मला आळीपाळीने ऐकवलं.

गाडी म्हणजे जुनी फोर बाय फोर. दगडगोटे, चिखल, ओढे तुडवण्यासाठी जन्मलेली आणि माझ्या हाती लागल्यापासून दारात उभी. दिव्यांच्या आधी तिचे टायर मोठे करून झाले होते, त्याने स्पीडोमीटर खोटं बोलायला लागला होता. टायरचा घेर दहा टक्क्यांनी वाढला की काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ने पळत असते. मला याची झळ कधी लागली नाही. पळणं हा प्रकार मुळात होतच नव्हता.

तर दिवे. प्रत्येकी ६० वॉटचे दोन, म्हणजे १२० वॉट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे १० अँपिअर. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक स्विचमधून खेचला तर स्विच वितळतो, म्हणून मध्ये रिले घालतात. रिले हा साहेबाच्या खोलीबाहेरचा शिपाई. साहेबाने बोट हलवायचं, ओझं शिपायाने उचलायचं. त्याच्या पिनांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ही जर्मन मानकाची देणगी आहे. १ ते ४ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, ते जर्मनांनाच ठाऊक. काही रिलेंना ८७ए नावाची पाचवी पिन असते आणि रिले झोपलेला असताना प्रवाह त्या पिनेतून जातो. माझा रिले त्यातला निघाला, आणि दिव्यांची वायर मी नेमकी त्याच पिनेला जोडली होती. स्विच बंद केला की दिवे लख्ख, चालू केला की गुडूप.

“म्हणजे दिवसा चालू ठेवायचा,” बायको म्हणाली. उपाय वाईट नव्हता.

पण पिन बदलायला म्हणून मी डॅशबोर्ड उघडला आणि घात झाला. आधीच्या मालकाने, खरं तर मालकांनी, कारण चिकटपट्टीचे थर किमान तीन पिढ्यांचे होते, सगळं वायरिंग एकाच रंगात केलेलं होतं. लाल. इंडिकेटर लाल, हॉर्न लाल, वायपर लाल. हेडलाइटच्या जागी जिथे निळा, १५ अँपिअरचा फ्यूज हवा, तिथे हिरवा, ३०चा. वारंवार फ्यूज उडतो म्हणून कुणीतरी मोठा बसवला असणार. फ्यूज दिव्याला वाचवायला असतो असं पुष्कळांना वाटतं. तो वायरला वाचवायला असतो. त्याने जळायचं नाकारलं की जळायची पाळी वायरवर येते. ती आलेलीही होती. गुच्छाच्या पोटात दोन वायरी एकमेकींना बिलगून वितळल्या होत्या.

तेव्हा मी म्हणालो, “सगळंच नवीन करून टाकतो.” त्या क्षणी मला कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं.

जुना हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा गुच्छ, काढताना प्रत्येक टोकाला मी कागदी पट्टी लावून त्यावर पेनने खूण केली. शिस्त म्हणजे शिस्त. पुढे तेलकट हातांनी निम्म्या पट्ट्या पुसल्या गेल्या. उरलेल्यांवर ‘मा.’ असं लिहिलेलं होतं. त्यातल्या काही ‘मागचा’ होत्या आणि काही ‘माहीत नाही’.

गाडी अशी उघडीबोडकी उभी होती, तेव्हा वाटलं, आता चासीचा गंजही काढून घेऊ. खरवडली, घासली, काळाकुळकुळीत गंजरोधक रंग दिला, दोन हात. बोल्टांची भोकं, त्यांच्या आजूबाजूची जागा, काही सोडलं नाही. पुढच्या भागाशी पोचेपर्यंत कंटाळा आला, तिथे थोडी हयगय झाली. पण मागून गाडी अशी दिसत होती की शेजारचे काका येऊन हात लावून गेले.

नवा हार्नेस बनवायला सहा आठवडे गेले. त्यातला बराच काळ एका छोट्या नळीपायी गेला. वायरींच्या जोडावर ती सरकवायची, गरम केली की आकसून घट्ट बसते. अट एकच, जोड करण्याआधी ती वायरीत ओवून ठेवायची. मी जोड करायचो, सुंदर करायचो, मान वर करायचो, आणि नळी समोर टेबलावर. मग तोडा, ओवा, पुन्हा जोडा. दर वेळी वायर बोटभर आखूड. डाव्या इंडिकेटरची वायर शेवटी इतकी तोकडी झाली की तिला जोड द्यावा लागला. त्या जोडाची नळी टेबलावरच राहिली.

अखेर बॅटरी जोडली. पुढचे दिवे लागले, हॉर्न वाजला. मी ब्रेक दाबला आणि बायको मागून ओरडली, “इंडिकेटर लागलेत! आजारी असल्यासारखे!” इंडिकेटर दिला, तर ब्रेकचा दिवा त्याच्या तालावर डोळे मिचकावू लागला. रिव्हर्स टाकला, तर मागचं सगळंच मंद उजळलं.

तीन रात्री मी गाडीखाली काढल्या. चौथ्या दिवशी एका ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावला. त्याने लक्षणं ऐकली आणि म्हणाला, “साहेब, अर्थ लागत नसेल.”

फोन स्पीकरवर होता. आमचे बाबा निवृत्त भाषाशिक्षक, व्हरांड्यात वाचत बसले होते. त्यांनी पुस्तक मिटलं.

“अर्थ लागत नसेल तर आधी अन्वय लाव.”

“बाबा, तो अर्थ नव्हे. अर्थिंग.”

“आण ती आकृती.” चश्मा लावून ते माझ्या वायरिंगच्या नकाशावर वाकले. “कर्ता कोण?”

“बॅटरी.”

“कर्म?”

“दिवा.”

“क्रियापद?”

“स्विच असावा.”

“असावा?” चार दशकं वर्गाला गप्प करणारी नजर त्यांनी माझ्यावर रोखली. “बरं. दिव्यापर्यंत गेलेली वायर दिसते. परत आलेली कुठाय?”

“ती नसते. बॅटरीचं ऋण टोक चासीला आणि दिव्याचं दुसरं टोकही चासीलाच. परतीची वाट म्हणजे अख्खी गाडी.”

“म्हणजे अध्याहृत.” त्यांना हे फार आवडलं. “पण अध्याहृत शब्द लिहिला नाही तरी तिथे असावा लागतो. तुझा आहे का, पाहिलंस?”

पाहिलं नव्हतं. मल्टिमीटर घेऊन मी मागे गेलो. दिव्यापासून थिंबलपर्यंत, म्हणजे वायरीच्या टोकाच्या, बोल्टात अडकवायच्या कडीपर्यंत, बीप. थिंबलपासून चासीपर्यंत, शांतता. बोल्ट काढला. थिंबलखाली माझा तो काळाकुळकुळीत रंग होता, दोन हात. मागच्या पाचही जागी तेच. पुढे जिथे मी कंटाळलो होतो, तिथे सगळं व्यवस्थित चालू होतं.

प्रवाहाला परतीची वाट लागतेच. सरळ रस्ता बंद दिसला की तो शेजारच्या दिव्याच्या तारेत शिरतो आणि तिथून आडवाटेने घर गाठतो. ब्रेकचा प्रवाह इंडिकेटरमधून घरी चालला होता. मी मात्र तीन रात्री स्विचवर संशय घेत होतो.

पाच जागी रंग खरवडला, लोखंड चकाकेपर्यंत. खरवडताना जीव तुटत होता. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले, वरून ग्रीस चोपडलं. बाबा मागे खुर्ची टाकून बसले आणि हजेरी घ्यावी तसे एकेक नाव पुकारत गेले. डावा. उजवा. ब्रेक. रिव्हर्स. सगळे हजर.

जादा दिवे खोक्यात परत गेले आहेत. त्यांच्यासाठी बंपर बदलावा लागेल असं मी घरात अजून बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरिंगचा नकाशा फ्रिजवर लावलेला दिसला. लाल शाईने सगळीकडे ‘इंडीकेटर’चं ‘इंडिकेटर’ केलेलं होतं, प्रत्येक ‘मा.’भोवती गोल होता आणि कोपऱ्यात गुण दिले होते, १० पैकी ६. खाली शेरा : अर्थ उशिरा लागला. हस्ताक्षर गचाळ.