‘रात्रभर टेस्ट चालवली म्हणे, लॉग वीस मिनिटांचा’: आपल्या रिव्ह्यूला लॅबकडून उत्तर

नमस्कार सर,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आपल्याला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. फोनवर आमच्यापैकी कोणाचा आवाज चढला असेल, तर त्याबद्दलही.

आता मजकुराकडे येतो. आपण लिहिलंय की व्हर्च्युअल मशीन (खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा कॉम्प्युटर) झोपवायचं आणि उठवायचं, एवढ्याशा कामाला आम्ही अवाच्या सवा पैसे लावले. तेच काम आपल्या इंटर्नने दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये केलं. आपल्या ऑफिसात मशीन व्यवस्थित झोपतं, आमच्याकडे झोपतच नव्हतं. आणि शेवटी, रात्रभर टेस्ट चालवली असं सांगून आम्ही जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा लॉग (मशीनने लिहिलेली वेळवार नोंद) हातावर ठेवला, म्हणजे ‘रिपोर्ट खोटा’.

बाकी सगळं मी एक वेळ गिळलं असतं. हे शेवटचं नाही गिळता येत. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत आमची सॉफ्टवेअर टेस्टिंगची लॅब चालते. हिंजवडी-बाणेरच्या कंपन्यांकडून कामं येतात ती एकाने दुसऱ्याला नाव सांगितलं म्हणून. आता नवीन माणूस नंबर शोधायला गेला की सगळ्यात वर आपलं वाक्य दिसतं. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, समजून घ्या.

पैशांचं आधी उरकतो. ‘जीएसटी वेगळा’ हे कोटेशनच्या ज्या पानावर छापलेलं होतं, त्याच पानावर आपली सही आहे. बिल 18 टक्क्यांनी ‘फुगवलं’ असं आपण म्हणता, ते 18 टक्के आमच्या खिशात राहत नाहीत. आपल्या अकाउंटंटना विचारलंत तर तेच सांगतील.

इंटर्नची स्क्रिप्ट आपण आम्हाला पाठवली होती. मुलगा हुशार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ‘विर्श’ या व्हर्च्युअल मशीन हाताळायच्या टूलने त्याने ‘विर्श सस्पेंड’ आणि पाठोपाठ ‘विर्श रिझ्यूम’ एवढंच फिरवलं आहे. नावात सस्पेंड असलं तरी या कमांडने आतल्या मशीनला झोप लागत नाही. होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरवर, त्याचे व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) नुसते जागच्या जागी थांबतात, मेमरी होस्टच्या रॅममध्ये तशीच पडून राहते आणि आतल्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, याचा पत्ताही लागत नाही. ‘मॅनेज्डसेव्ह’ वेगळं: त्यात मेमरी होस्टच्या डिस्कवर फाईलमध्ये उतरते, मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमची प्रोसेसच बंद होते आणि पुढच्या ‘स्टार्ट’ला मशीन तिथूनच पुढे चालू लागतं. खरी झोप म्हणजे ‘डीओएमपीएमसस्पेंड’. तिथे गेस्ट एजंटमार्फत (गेस्ट म्हणजे आतलं मशीन, एजंट म्हणजे त्यात बसवलेला मदतनीस प्रोग्रॅम) आतल्या कर्नललाच सांगितलं जातं, तो आधी सगळ्या प्रोसेस गोठवतो, मग एकेका ड्रायव्हरला आवरायला लावतो. हायबरनेट त्याहून निराळं, त्यात गेस्ट आपली मेमरी आपल्याच स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत, लिहून मशीन बंद करतो. आपल्या स्पेकमध्ये (कामाच्या लेखी मागणीत) हे चारही प्रकार लिहिलेले होते. दोन ओळींत त्यातला एक झाला, तोही सगळ्यात सोपा.

शिवाय मशीन उठलं हे ठरवायचं कशावरून? इंटर्नची स्क्रिप्ट होस्टला ‘डोमस्टेट’ (मशीनची स्थिती) विचारते आणि ‘रनिंग’ आलं की पास म्हणते. आतला कर्नल पार अडकून पडला असला तरी होस्ट ‘रनिंग’च म्हणणार, कारण त्याच्या दृष्टीने व्हीसीपीयू चालू असतात. आम्ही गेस्ट एजंटला पिंग करतो, एसएसएचने (दुरून लॉगिन करून) आत शिरतो, डिस्कवर फाईल लिहून तिचा चेकसम (फाईलच्या मजकुरावरून काढलेला आकडा) ताडून बघतो, नेटवर्क कार्ड खरंच पॅकेट पाठवतंय का ते पाहतो आणि आतलं-बाहेरचं घड्याळ शेजारी शेजारी ठेवतो. हे सगळं प्रत्येक फेरीला. काही दोष दहा फेऱ्यांत दिसतच नाहीत, म्हणून माणूस न बसवता स्क्रिप्टने रात्रभर फिरवायचं.

आता तो लॉग.

रिव्ह्यूसोबत आपण जो फोटो टाकलाय तो गेस्टच्या आतला जर्नल, म्हणजे आतल्या मशीनचा स्वतःचा लॉग आहे. त्या रात्री ‘मॅनेज्डसेव्ह’च्या फेऱ्या चालू होत्या. पहिलीच फेरी बघा. होस्टच्या लॉग फाईलमध्ये 11:42 ला मशीन सेव्ह केल्याची ओळ आहे आणि 11:51 ला परत सुरू केल्याची. आपल्या फोटोत त्याच जागी एक ओळ 11:42:07 ची आणि लगेच खालची 11:42:09 ची. मधली नऊ मिनिटं गेली कुठे, असं आपण लाल गोल काढून विचारलं आहे. सर, त्या नऊ मिनिटांत ते मशीन अस्तित्वातच नव्हतं, डिस्कवरची एक फाईल होती. भूल उतरलेला पेशंट डोळे उघडून ‘ऑपरेशन कधी सुरू करणार?’ विचारतो, त्यातलाच प्रकार. दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा बाहेर 11:52 वाजले होते, आत 11:43. प्रत्येक फेरीत मशीन सुमारे चाळीस सेकंद जागं आणि नऊ मिनिटं गायब. पहाटे साडेपाचला आम्ही टेस्ट थांबवली, तेव्हा आतल्या घड्याळात नुकतेच कुठे रात्रीचे बारा वाजून गेले होते. आतल्या लॉगची बेरीज वीस-पंचवीस मिनिटं येते ती अशी. दुसरी काही आली असती तर मीच घाबरलो असतो.

नऊ मिनिटं मुद्दाम ठेवली होती. पाच-दहा सेकंदांत उठवलं तर समोरच्या सर्व्हरला काही कळत नाही, कनेक्शन तशीच टिकतात आणि सगळं हिरवं दिसतं. प्रत्यक्षात आपला ग्राहक लॅपटॉपवर मशीन सेव्ह करून जेवायला जाणार.

होस्टची फाईल आम्ही त्याच मेलमध्ये, त्याच फोल्डरमध्ये जोडली होती. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ‘दोन्ही लॉग शेजारी ठेवून वाचावेत’ असंही लिहिलं होतं. आपण एकच उघडलात आणि त्याचा फोटो जगाला दाखवलात.

याहून जास्त लागलं ते वेगळंच. ज्या गोष्टीला आपण खोटेपणाचा पुरावा म्हणता, तोच आपल्या इमेजमधला (आपण टेस्टला दिलेल्या मशीनच्या फाईलमधला) सगळ्यात मोठा दोष आहे आणि रिपोर्टमध्ये तो पहिल्या क्रमांकावर आहे. आपल्या इमेजमध्ये वेळ जुळवायला क्रोनी हा प्रोग्रॅम आहे, पण त्याच्या सेटिंगमध्ये मेकस्टेपची ओळ ‘1.0 3’ अशी आहे. याचा अर्थ, सुरुवातीच्या तीन अपडेटपर्यंतच क्रोनी घड्याळ एकदम पुढे सरकवतो. त्यानंतर कितीही फरक पडला तरी तो हळूहळूच भरून काढतो, आणि त्याची कमाल गती बारा सेकंदांना एक सेकंद. नऊ मिनिटं भरायला पावणेदोन तासांहून जास्त वेळ. जागेपणाच्या चाळीस सेकंदांत तो काय भरणार? लॉगिन तपासणारी कर्बेरॉस ही यंत्रणा मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. म्हणून पहिल्या फेरीपासून आपलं लॉगिन पडत होतं. त्याला आपण फोनवर ‘तुमच्या लॅबचं नेटवर्क भंगार आहे’ म्हणालात. त्या वेळी मी काही बोललो नाही.

उपायही रिपोर्टमध्ये दिलाय: मेकस्टेपमधला शेवटचा आकडा -1 करा, किंवा मशीन उठलं की बाहेरून विर्शच्या ‘डोमटाइम’ या कमांडला घड्याळ जुळवायला (सिंक) सांगा. त्या रात्री आम्हीच बाहेरून घड्याळ जुळवत राहिलो असतो तर लॉगही आपल्याला हवा तसा दिसला असता आणि बिलही खुशीत निघालं असतं. पण मग आपला दोष आपल्या ग्राहकाला सापडला असता.

‘आमच्याकडे झोपतं, तुमच्याकडे झोपत नाही’ याचं उत्तर लहान आहे. इमेज बनवताना आपल्याकडच्या कोणीतरी ऑफिसच्या सर्व्हरचं फोल्डर एसएसएचएफएसने माउंट करून, म्हणजे नेटवर्कवरून आतल्या मशीनला जोडून, ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. आपल्या ऑफिसात तो सर्व्हर समोर असतो, म्हणून चालतं. आमच्याकडे तो पोचत नाही, त्याची वाट बघणारी प्रोसेस गोठत नाही, कर्नल 20 सेकंद थांबतो आणि झोपेचा बेत रद्द करतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘रिफ्यूजिंग टू फ्रीज’ या शब्दांत ते आलं आहे. आपल्या ग्राहकाकडेही आपला सर्व्हर नसणार, एवढं लक्षात घ्या.

उशिराबद्दल एकच सांगतो. काम अर्ध्यावर असताना आपल्याकडून नवीन इमेज आली, फाईलचं नाव तेच, मेलमध्ये एक अक्षर नाही. चेकसम जुळेना म्हणून आम्हाला कळलं, आणि सगळ्या फेऱ्या पहिल्यापासून घ्याव्या लागल्या. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. हे रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं.

आपल्या सूचनांचा विचार करून रिपोर्टची मांडणी जरा सोपी करायचं ठरवलं आहे, आणि फोन घेण्याच्या बाबतीतही काही बदल करत आहोत.

दोन्ही लॉग, वापरलेली स्क्रिप्ट आणि इमेजचे चेकसम आम्ही जपून ठेवले आहेत. बिलाची उरलेली रक्कम हा आपला-आमचा विषय, त्याबद्दल इथे लिहीत नाही. आपण किंवा आपले इंजिनीअर कधीही या, मी स्वतः समोर बसून ओळ न ओळ दाखवतो. त्या इंटर्नलाही आणा, त्याला यात गोडी आहे असं दिसलं. फक्त येण्याआधी फोन करा, आणि शक्यतो दुचाकीवर या. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही, आणि मग त्याचाही एक स्टार आमच्याच नावावर लागायचा.

आपला,
लॅबचा मालक